आबजीरोबर वावळणाची राखण

शीर्षक वाचून क्षणभर अडखळलात ना? आणि मग लगेच हसू आलं? मग आता हे वाक्य वाचा. मध्ये थांबायचं नाही, सरसर वाचायचं.

उळ्यान्हाच्या सुमट्टीध्ये आबजीरोबर अंणागमध्ये वावळणाची राखण कयराची आणि काळ्यांवना हालाकयचं.

आलं की नाही वाचता? अंगणात पसरलेल्या कुरडया दिसल्या असतील, हातात काठी घेऊन बसलेली आजी दिसली असेल, कुंपणावर टपून बसलेला कावळाही दिसला असेल. आता तेच वाक्य पुन्हा वाचा, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. दहा शब्दांपैकी आठ शब्द चक्क मोडलेले आहेत! ‘राखण’ आणि ‘आणि’ एवढे दोनच धड आहेत. तरी तुम्हाला अर्थ कळला. कसा काय?

माझी भाची पहिलीत आहे. तिला मी हेच वाक्य दाखवलं. तिनं नेहमीप्रमाणे पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली, “उ... ळ्या... न्हा...” बोट तिथंच थांबलं. मान वर करून तिनं विचारलं, “मावशी, ही कुठली भाषा आहे?”

मग मी बरोबर वाक्य लिहून दिलं. तेही ती तसंच वाचत गेली. “वा... ळ... व... णा... ची...” आणि मग एकदम, “वाळवणाची!” म्हणजे कागदावर जे होतं ते तिनं दोन्ही वेळा अगदी प्रामाणिकपणे वाचलं. तुम्ही मात्र कागदावर जे नव्हतंच ते वाचलंत. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षं जास्त वाचून तुमच्या मेंदूनं असं काय कमावलंय? चला, शोधू या.

एका निरोपाची गोष्ट

सप्टेंबर २००३ मध्ये इंग्रजीतला एक निरोप ईमेलवरून जगभर फिरत होता. त्यातले शब्द असेच विस्कटलेले होते. त्यात म्हटलं होतं, ‘केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनानुसार शब्दातली अक्षरं कोणत्याही क्रमानं असली तरी चालतं, फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर हवं. कारण आपण एकेक अक्षर वाचत नाही, अख्खा शब्द वाचतो.’

लोकांना भारी गंमत वाटली. ज्यानं वाचला त्यानं तो पुढे दहा जणांना पाठवला.

आता केंब्रिजमध्येच मेंदू आणि भाषा यांवर संशोधन करणारे मॅट डेव्हिस नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना प्रश्न पडला, हे संशोधन आपल्या गावात झालं आणि आपल्यालाच ठाऊक नाही? त्यांनी माग काढायला सुरुवात केली. केंब्रिजमध्ये असं काही संशोधन झालेलंच नव्हतं. माग काढत काढत गोष्ट पोहोचली इंग्लंडमधल्याच नॉटिंगहॅम विद्यापीठात. तिथं १९७६ साली ग्रॅहम रॉलिन्सन यांनी शब्दातल्या अक्षरांच्या जागा बदलल्या तर वाचनावर काय परिणाम होतो, यावर पीएचडीचा प्रबंध लिहिला होता. १९९९ मध्ये त्यांनी त्याबद्दल ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकाला पत्रही पाठवलं होतं.

म्हणजे संशोधन होतं, पण गाव चुकलं होतं. निरोपातला दावा तरी खरा होता का? त्यासाठी केंब्रिजला जायची गरज नाही. आपणच तपासू.

तपासणी पहिली

हे दोन शब्द वाचा:

महागनरपालिका

मलिरहापागनका

पहिला शब्द पटकन लागला. दुसऱ्यापाशी गाडी अडली. पण दोन्ही शब्द ‘महानगरपालिका’ याच शब्दातली अक्षरं घेऊन केले आहेत. दोन्हींत ‘म’ सुरुवातीला आहे आणि ‘का’ शेवटी आहे. निरोपातला नियम खरा असता, तर दोन्ही सारखेच सोपे वाटले असते. तसं झालं नाही. पहिल्यात फक्त ‘न’ आणि ‘ग’ या शेजाऱ्यांनी जागा बदलल्या. दुसऱ्यात मधल्या सगळ्या अक्षरांनी आपापलं घर सोडलं, बहुतेक तर लांब पळाली. म्हणजे अक्षर किती लांब गेलं, याला महत्त्व आहे.

तपासणी दुसरी

आता ‘पावसाळा’ घेऊ. प्रत्येक वेळी फक्त दोन शेजाऱ्यांची अदलाबदल करू.

पासावळा (मधली अक्षरं बदलली)

पावळासा (शेवटची बदलली)

वपासाळा (सुरुवातीची बदलली)

कोणता सगळ्यात जड गेला? इंग्रजी वाचणाऱ्यांवर असाच प्रयोग कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष छापले. वाचणाऱ्याचा डोळा कुठं थांबतो आणि किती वेळ थांबतो, हे टिपणारी यंत्रं त्यांच्याकडे होती. धड वाक्यं लोक मिनिटाला सुमारे २५५ शब्द या वेगानं वाचत. शब्दाच्या मधली अक्षरं बदलली की वेग २२७ वर आला. शेवटची बदलली की १८९ वर. आणि सुरुवातीची बदलली की थेट १६३ वर!

हे आकडे नीट पाहा. मधली अक्षरं बदलली तरी वेग कमी झालाच. आपल्याला वाटतं, विस्कटलेलं वाक्य आपण काहीच कष्ट न घेता वाचलं. पण मेंदू त्याची किंमत मोजतो, फक्त ती आपल्याला जाणवत नाही.

डोळ्याच्या बेडूकउड्या

आता डोळा वाचतो कसा, ते पाहू. जुन्या वर्तमानपत्राच्या पानाला मधोमध पेन्सिलीनं छोटं भोक पाडा. मित्राला ते पान डोळ्यांसमोर धरून वाचायला सांगा आणि तुम्ही मागच्या बाजूनं भोकातून त्याचे डोळे बघा. डोळा ओळीवरून घरंगळत जाईल असं वाटतं ना? तसं अजिबात होत नाही. तो उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच या झटक्यांकडे लक्ष वेधलं होतं.

इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते आणि प्रत्येक थांबा जेमतेम पाव सेकंदाचा. एवढ्या उड्या कशाला? कारण डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते फार थोड्या जागेतलं. हात पुढे ताणून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा भाग काय तो स्वच्छ, बाकी सगळं जरा पुसट. म्हणून डोळा ती नखाएवढी खिडकी घेऊन ओळीवरून उड्या मारत जातो. त्या खिडकीत एकाच वेळी काही अक्षरं येतात आणि मेंदूला ती पाव सेकंदात ओळखायची असतात. एकामागून एक बोट ठेवत बसायला त्याला सवडच नसते.

प्रार्थनेची रांग

शाळेतली सकाळची प्रार्थना आठवा. तुम्ही गच्चीवरून खाली मैदानात बघताय. सहावीची रांग उभी आहे. रांगेत कोण कोण आहे ते एका नजरेत कळतं. सगळ्यात पुढे कोण, तेही कळतं. सगळ्यात शेवटी कोण, तेही. पण मध्ये समीर आधी की सलमा आधी? ते मात्र नीट बघावं लागतं.

अक्षरांचंही असंच होतं. कोणकोणती अक्षरं आहेत, हे मेंदू सगळं एकदम टिपतो. नेमकं कितव्या जागेवर कोण, हे टिपताना तो जरा ढिला असतो. मधल्या अक्षरांना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची गर्दी असते. पहिल्या आणि शेवटच्या अक्षराची एक बाजू मोकळी असते, म्हणून ती ठळक दिसतात. आणि पहिलं अक्षर हललं की सगळ्यात जास्त पंचाईत का होते? कारण शब्द ओळखताना मेंदूची सगळ्यात जास्त भिस्त त्याच्यावर असते, शब्दकोशात शोधताना आपली असते तशीच.

आता त्या निरोपातला दुसरा दावा आठवा. ‘आपण एकेक अक्षर वाचत नाही, अख्खा शब्द वाचतो.’ हे खरं असेल, तर मधली अक्षरं कुठलीही टाकली तरी चालायला हवीत. बघा बरं:

पासावळा

पाढूगेळा

दुसरा शब्द काही केल्या ‘पावसाळा’ होत नाही. पहिलं अक्षर तेच, शेवटचं तेच, लांबीही तेवढीच. पण ‘व’ आणि ‘सा’ रांगेत हजर नाहीत ना! म्हणजे मेंदू मधली अक्षरं वाचतो, एकूण एक वाचतो. हजेरी काटेकोर घेतो, जागेच्या बाबतीत तेवढं सांभाळून घेतो.

बेंगळुरूमधलं समूहगीत

विस्कटलेल्या शब्दांचं हे कोडं आपल्या देशातही सोडवलं जातंय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांचे सहकारी आकाश अग्रवाल, के. व्ही. एस. हरी यांनी २०२० साली त्याचं एक सुंदर उत्तर मांडलं. त्यांनी लोकांना धड आणि विस्कटलेले शब्द दाखवले आणि ते ओळखताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, हे एमआरआय यंत्रानं पाहिलं.

त्यांचं म्हणणं समजायला पुन्हा त्याच मैदानावर जाऊ. रांगेतली मुलं आता समूहगीत म्हणतायत. प्रत्येकाचा आवाज वेगळा. पुढच्याचा आवाज जास्त ऐकू येतो, मागच्याचा कमी. सगळे आवाज मिसळून एक आवाज तयार होतो. समीर आणि सलमा यांनी आपापसांत जागा बदलल्या, तर एकूण आवाजात कितीसा फरक पडेल? अगदी थोडा. पण सगळ्यात मागचा मुलगा पुढे आला, तर फरक लगेच कळेल. आणि समीरच्या जागी दुसऱ्याच शाळेतला मुलगा उभा केला तर? तेव्हाही कळेल.

शब्द पाहिल्यावर मेंदूतल्या चेतापेशी अशाच वागतात. प्रत्येक अक्षराचा आपला एक ‘आवाज’, आणि शब्द म्हणजे या आवाजांची बेरीज. कोणतं अक्षर कोणत्या जागेवर आहे, त्यानुसार त्याचं वजन कमी-जास्त. ‘पासावळा’ची बेरीज ‘पावसाळा’च्या बेरजेच्या इतकी जवळ येते, की मेंदू म्हणतो, “ओळखलं! पावसाळा!”

त्याआधी २०१९ साली याच गटानं तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांवर प्रयोग केले होते. दोन्ही लिप्या गोल गोल वळणांच्या. तेलुगूवाल्याला मल्याळम येत नाही आणि मल्याळमवाल्याला तेलुगू येत नाही, अशी माणसं निवडली. त्यातून कळलं, की लिपी वाचायला शिकल्यावर शब्द म्हणजे एक सलग चित्र बनत नाही. उलट त्यातली अक्षरं मेंदूला जास्त सुटी सुटी दिसू लागतात. परक्या लिपीत आपल्याला नुसती नक्षी दिसते. ओळखीच्या लिपीत एकेक जण उठून दिसतो, वर्गमित्रांच्या घोळक्यात दिसतो तसा.

वाचणारी माकडं?

आता एक भन्नाट गोष्ट. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या शास्त्रज्ञांनी बबून जातीच्या माकडांना एक खेळ शिकवला. स्पर्शानं चालणाऱ्या पडद्यावर इंग्रजीतली चार अक्षरं येत. कधी तो खरा शब्द असे, कधी नुसती अक्षरांची मोळी. खरा शब्द कोणता आणि खोटा कोणता, हे बबूननं ओळखायचं. बरोबर आलं की बक्षीस म्हणून गव्हाचे दाणे! डॅन नावाच्या बबूननं असे ३०८ शब्द ओळखायला शिकून घेतले. जोनाथन ग्रेंजर यांच्या गटानं हे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं.

डॅनला इंग्रजी येत नव्हतं. एकाही शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तरी पुढच्याच वर्षी छापलेल्या निष्कर्षांत दिसलं, की ओळखीच्या शब्दातली दोन अक्षरं उलटसुलट केली, तर हे बबूनही फसतात. तुमच्या-माझ्यासारखेच! म्हणजे जागेबद्दलचा हा ढिलेपणा भाषेतून आलेला नाही. तो त्याहून फार जुना आहे.

माणूस लिहायला लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. मेंदू मात्र त्याच्या कितीतरी आधी घडला. त्यात वाचनासाठी वेगळी खोली बांधलेलीच नव्हती. झाडं, फळं, चेहरे, प्राणी ओळखायची जी जुनी यंत्रणा होती, तिच्यातला एक कोपरा आपण अक्षरांसाठी मागून घेतला. हा कोपरा डाव्या बाजूला, कानाच्या मागच्या अंगाला, मेंदूच्या तळाशी असतो. स्तानिस्लास देहान हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्याला ‘टपालपेटी’ म्हणतात, कारण डोळ्यांनी पाठवलेली अक्षरं तिथं पडतात. ही पेटी जन्मतः तयार नसते. आपण वाचायला शिकतो, तेव्हाच ती उघडते.

गरज आणि गजर

मग सगळ्याच भाषांत ही जादू सारखी चालते का? ‘गरज’ या शब्दातली दोन अक्षरं बदला. ‘गजर’! ‘पातळ’मधली बदला. ‘पाळत’! इथं मेंदू दुरुस्ती करणार तरी काय? दोन्ही शब्द खरेच आहेत. मराठीत पाच-सहा अक्षरांच्या शब्दात एखादी चूक पचून जाते, पण तीन अक्षरी शब्दात शेजारी दुसराच शब्द दबा धरून बसलेला असू शकतो.

हिब्रू भाषेत तर सगळीकडे अशीच दाटी आहे. हिब्रूतल्या बहुतेक शब्दांचा गाभा तीन व्यंजनांचा असतो. क-त-व हा गाभा लिहिण्याचा. (हिब्रूची बहीण अरबी. तिच्यात तो क-त-ब होतो, आणि आपला ‘किताब’ तिथूनच आला.) तीन व्यंजनांचा क्रम बदलला, की दुसऱ्याच गाभ्याचा शब्द व्हायची भीती. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले राम फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकारी हदास वेलन यांनी दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांना विस्कटलेली वाक्यं दिली. इंग्रजीत ते फारसे अडले नाहीत. हिब्रूत मात्र तीच माणसं सपशेल अडखळली. डोळे तेच, मेंदू तोच! म्हणजे जिथं क्रमाला मोल आहे, तिथं मेंदू क्रमाबद्दल कडक व्हायला शिकतो.

आपल्या देवनागरीची तर आणखीच मजा. आपली अक्षरं काना, मात्रा, वेलांटी अंगावर घेऊन फिरतात. ‘टोपलीभर’ हा शब्द दोन रीतींनी विस्कटून पाहू:

टोलीपभर (अक्षरं मात्रांसकट हलली)

टपोलभीर (अक्षरं जागेवर, मात्रा हलल्या)

तुम्हाला कोणता आधी कळला? असे दहा शब्द तयार करा, दहा मित्रांना दाखवा आणि कोणता किती सेकंदात कळला ते वहीत लिहा. मोबाइलवरचं घड्याळ वापरा. हा तुमचा स्वतःचा खराखुरा प्रयोग!

निबंधातली न दिसणारी चूक

वाचताना मेंदू आणखी एक गोष्ट करतो. पुढे काय येणार, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. ‘काळ्यांवना’ हा शब्द एकटा कागदावर असता, तर तुम्ही विचारात पडला असता. पण त्याआधी उन्हाळा आला, आजी आली, वाळवण आलं. आता कावळा येणारच! तो तुमच्या मनात आधीच कुंपणावर येऊन बसला होता.

आपल्या निबंधातली चूक आपल्याला दिसत नाही, ती याचमुळे. आपण काय लिहिलंय ते आपल्याला पाठ असतं, म्हणून मेंदू चुकलेला शब्द आपोआप नीट करून वाचतो. बाईंना मात्र ती चूक बरोबर दिसते. पुस्तकं छापण्याआधी चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकांना हा मेंदूचा चांगुलपणा आवरायला शिकावं लागतं. ते ओळीखाली पट्टी धरून सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचतात. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली की तुम्हीही ओळीखाली पट्टी धरा. माझ्या भाचीसारखं बोट ठेवून वाचलंत तरी चालेल. चूक पकडायला तिची पद्धत तुमच्यापेक्षा सरस आहे!

आता शेवटचा प्रयोग. तो एका दिवसात होणार नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी पहिली-दुसरीतलं असेल, तर त्याला आजचं विस्कटलेलं वाक्य दाखवा. तारीख घालून नोंद करा. दर तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. मधल्या काळात त्याला भरपूर गोष्टी वाचायला द्या, स्वतः शेजारी बसून वाचून दाखवा. माझ्या भाचीच्या नावाचं पान मी वहीत उघडलंय. त्यावर पहिली नोंद आहे, ‘ही कुठली भाषा आहे?’

एक दिवस ते पोर बोट न ठेवताच वाक्य वाचेल आणि खुदकन हसेल. तारीख लगेच लिहून ठेवा. त्याच्या मेंदूत अक्षरांची रांग एका नजरेत ओळखू येऊ लागली, त्याची ती खूण.